बारा वर्षं नेमकी कधीपासून मोजायची?

जमिनीचा वाद निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बारा वर्षं आम्हीच कसतोय, आता जमीन कायद्यानं आमची." ते ऐकून मालक हबकतो आणि कसणारा निर्धास्त होतो. बारा हा आकडा बरोबर आहे, पण तो कोणत्या दिवसापासून मोजायचा हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. प्रतिकूल कब्जाचे, म्हणजे ज्याला कोर्टात सगळे 'ॲडव्हर्स पझेशन' म्हणतात त्याचे, बहुतेक दावे याच एका प्रश्नावर बुडतात.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मुदतीचा कायदा, १९६३ यातला अनुच्छेद ६५ सांगतो की, मालकी हक्काच्या जोरावर कब्जा परत मागायचा दावा बारा वर्षांत लावला पाहिजे, आणि ही बारा वर्षं प्रतिवादीचा कब्जा वादीच्या विरुद्ध झाला त्या दिवसापासून मोजायची. कलम २७ त्याच्या पुढे जातं: मुदत संपली की मालकाचा दावा तर बुडतोच, पण त्या मिळकतीवरचा त्याचा हक्कही संपतो. सरकारच्या दाव्याला अनुच्छेद ११२ प्रमाणे ३० वर्षं मिळतात. १९०८ च्या जुन्या कायद्यात सरकारसाठी ही मुदत ६० वर्षांची होती.

एक जुना गैरसमज इथेच मिटवायला हवा. 'गेल्या बारा वर्षांत जमीन आपल्या ताब्यात होती हे मालकानं दाखवलं नाही, तर त्याचा दावा बाद' असं अजूनही सांगितलं जातं. १९०८ च्या कायद्यातल्या अनुच्छेद १४२ खाली बेदखल झालेल्या मालकावर ती जबाबदारी होती. नवा कायदा १ जानेवारी १९६४ ला लागू झाला आणि ओझं उलटलं. आज मालकानं फक्त मालकी शाबीत करायची: खरेदीखत, वाटपपत्र, वारसा, जे असेल ते. कब्जा प्रतिकूल होता, तो कधीपासून होता आणि बारा वर्षं पुरी झाली, हे सगळं कब्जेदारानं शाबीत करायचं. त्यात एक कडी जरी निसटली तरी मालकाचा दावा मुदतीत धरला जातो, मग त्यानं पंचवीस वर्षं शेतात पाऊल ठेवलेलं नसलं तरी.

आता मूळ प्रश्न. कब्जा प्रतिकूल होतो कधी? कब्जा सुरू कसा झाला ते बघितल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. परवानगीनं आत आलेला माणूस चाळीस वर्षं राहिला तरी त्याचा कब्जा परवानगीचाच राहतो. त्याला घड्याळ सुरू करायचं असेल तर मालकाला कळेल अशा रीतीनं त्यानं मालकी नाकारली पाहिजे आणि तो दिवस त्याला कोर्टात दाखवता आला पाहिजे. त्या दिवसापासून पुढे बारा वर्षं.

आपल्याकडे लोक जमिनीत येतात ते बहुतेक अशाच वाटांनी. मालक मुंबईला किंवा पुण्याला नोकरीला गेला आणि "तू बघ जरा" म्हणून चुलतभावाकडे शेत सोपवलं: परवानगी. अर्धलीनं, बटईनं दिलं: परवानगी. सालगडी वस्तीवर राहतो, राखणदार बंगल्यात राहतो: नोकरीतून आलेला कब्जा, कायद्याच्या नजरेत तो मालकाचाच. गोव्यातल्या एका घराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. बहिणीच्या मालकीच्या घरात भाऊ राहत होता. राखणदार, नोकर किंवा देखभाल करणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याला मिळकतीत हक्क मिळत नाही, असं न्यायालयानं त्यात म्हटलं आहे.

गहाणाचंही तसंच. ताबेगहाण घेतलेला सावकार मालकाच्याच वतीनं जमिनीत असतो, आणि गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला अनुच्छेद ६१ मध्ये ३० वर्षांची मुदत आहे. कुळाचं तर आणखी स्पष्ट आहे. कूळ म्हटलं की समोर जमीनमालक आहे हे मान्यच झालं. एकाच कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, "मी कूळ आहे" आणि "मी प्रतिकूल कब्जानं मालक झालो" असं लिहिणारे दोन्हीकडून मार खातात. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी जमीन खरोखर कुळाच्या कसण्यात असेल, तर त्याचा रस्ता कुळकायद्याच्या कलम ३२ग मधून, शेतजमीन न्यायाधिकरणाकडे जातो. तो हक्क पुष्कळ भक्कम असतो. तो सोडून बारा वर्षांच्या मागे लागण्यात शहाणपण नाही.

साठेखत आणि साध्या कागदावरची खरेदी यांत लोक घोटाळा करतात, आणि तिथे फरक फार मोठा आहे. साठेखतावर ताबा मिळाला तर तो विकणाऱ्याच्या संमतीनं मिळालेला ताबा. पुढे खरेदीखत व्हायचं आहे हे घेणाराही मानतो, म्हणून तो कब्जा आपोआप विरुद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही हेच धरलं. उलट, पूर्ण किंमत मोजून, "कायमची विकली" असं लिहिलेल्या, पण नोंदणी न केलेल्या कागदावर जो जमिनीत येतो, तो पहिल्या दिवसापासून मालक म्हणूनच येतो. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या मिळकतीची खरेदी नोंदणीशिवाय होत नाही, म्हणून कागदानं मालकी दिली नाही. पण कब्जा मात्र त्याच दिवशी विरुद्ध झाला. याचं एक मोठं उदाहरण मुंबईतलंच आहे. १८६५ मध्ये सरकारनं मुंबईच्या नगरपालिकेला जुन्या बाजाराच्या जागेच्या बदल्यात दुसरी जागा ठरावानं दिली, पण कायदेशीर दस्त केला नाही. १९४० च्या सुमारास कलेक्टरनं त्या जागेवर सारा आकारला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५१ चा निकाल महापालिकेच्या बाजूनं लागला. ठराव कायद्यानं पोकळ असला तरी त्याच्या आधारावर हक्कानं, उघडपणे चाललेला ६० वर्षांहून अधिक काळचा कब्जा सरकारच्या विरुद्धच होता, अशी त्यातली कारणमीमांसा आहे.

भाऊबंदकीचा कब्जा हा सगळ्यांत फसवा प्रकार. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा सगळ्यांचा ताबा मानतात. सातबारावर एकट्या भावाचं नाव आहे, तोच पीक घेतो, तोच सारा भरतो, तरी तेवढ्यानं बहिणीचा हिस्सा बुडत नाही. तिला हिश्श्यातून वगळल्याचं, तिचा हक्क उघड नाकारल्याचं कृत्य दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५६ मध्येच हा नियम घालून दिला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याबद्दलच्या दाव्याला अनुच्छेद ११० आहे. तिथेही बारा वर्षंच, पण आपल्याला वगळलं हे कळल्याच्या दिवसापासून. "ताई, तुझा काही संबंध नाही" असं लेखी नोटिशीच्या उत्तरात आलं असेल, तर ते उत्तर बहिणीनं जपून ठेवावं आणि दावा लावायला उशीर करू नये, कारण त्याच कागदानं घड्याळ सुरू झालेलं असू शकतं.

आता कोर्टातल्या लिखाणाकडे येऊ. बहुतेक कैफियतींमध्ये असं एक वाक्य असतं: "प्रतिवादी दावा मिळकतीत पूर्वापार, वडिलोपार्जित मालक या नात्याने उघड व निर्वेध वहिवाटीत असून त्याने प्रतिकूल कब्जाने मालकी संपादन केली आहे." या एका वाक्यात केस हरते. वडिलोपार्जित म्हणजे मुळातच माझी. प्रतिकूल म्हणजे मूळ मालक दुसरा, आणि मी त्याच्या विरुद्ध धरून बसलो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. ज्याच्या विरुद्ध कब्जा केला त्याची मालकी आधी मान्य करावी लागते. मालक कोण हेच नक्की माहीत नव्हतं असं म्हणणाऱ्याचा कब्जा कोणाच्या विरुद्ध होता, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं याच कारणासाठी बचाव फेटाळला.

कर्नाटक वक्फ मंडळ विरुद्ध भारत सरकार या २००४ च्या निकालात पाच गोष्टी मागितल्या आहेत, आणि आज कनिष्ठ स्तरापासून वरपर्यंत प्रत्येक कोर्ट त्या तपासतं. कब्जात कोणत्या तारखेला आलात? कब्जा कोणत्या स्वरूपाचा होता? समोरच्याला त्याची माहिती होती का? तो किती काळ चालला? तो उघड आणि निर्वेध होता का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "साधारण ३०-४० वर्षांपूर्वी" असं चालत नाही. निदान हंगाम, वर्ष आणि त्या वेळी काय घडलं ते लिहावं: अमुक सालच्या जूनमध्ये गट नंबर अमुकच्या उत्तर बाजूचे ६ गुंठे प्रतिवादीनं तारेचं कुंपण घालून घेतले, वादीनं हरकत घेतली, प्रतिवादीनं हक्क सांगून ती धुडकावली, तेव्हापासून तिथे ऊस आहे. मोजणीच्या नकाशावर ते ६ गुंठे रंगवून दाखवावेत. चतुःसीमा आणि क्षेत्र नसलेला प्रतिकूल कब्जा सिद्ध होताना दिसत नाही.

पुराव्यात लोक सातबारा घेऊन येतात, पण कुठे बघायचं हे त्यांना ठाऊक नसतं. गाव नमुना ७ मध्ये भोगवटादार, म्हणजे हक्काची बाजू. गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद, म्हणजे वहिवाटीची बाजू. कब्जेदाराला उपयोगी पडतात ते १२ चे जुने हस्तलिखित उतारे, वर्षामागून वर्ष, सलग. मधली चार वर्षं जमीन पड दाखवली असेल किंवा मालकाचं नाव असेल, तर सलगता तुटली असं समोरचा वकील म्हणणारच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ खाली अधिकार अभिलेखातली नोंद खरी धरली जाते, पण उलट पुरावा येईपर्यंतच. आणि फेरफारानं, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीनं, मालकी येत नाही की जात नाही, तो शेतसारा कोणाकडून घ्यायचा यासाठी असतो.

तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) पीकपाहणीत खातेदाराशिवाय दुसराच कसताना आढळला तर त्यानं थेट नाव घालायचं नसतं. गाव नमुना १४ भरून तहसीलदाराकडे पाठवायचा आणि तहसीलदारानं दोघांना नोटीस देऊन चौकशी करायची. याला तालुक्यात 'वहिवाट केस' म्हणतात. अशी चौकशी होऊन आलेल्या नोंदीला कोर्टात वजन असतं. चौकशीशिवाय पेन्सिलीनं, वेगळ्या शाईनं घुसवलेल्या नोंदीला काही किंमत नसते. मालकाच्या दृष्टीनंही ही नोटीस महत्त्वाची. ती मिळून तो गप्प बसला तर माहिती नव्हती असं पुढे म्हणता येत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद खातेदारच मोबाइलवरून करू लागला. परगावी असलेल्या मालकानं ती नियमित करावी किंवा करवून घ्यावी.

गावठाणातल्या घरांसाठी लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. ती घरपट्टीची आकारणी आहे. ती कब्जाचा पुरावा होते, मालकीचा नाही. शेतीच्या खात्याचा गाव नमुना ८अ आणि हा नमुना ८ वेगळे आहेत, तरी कितीदा तरी एकाच्या जागी दुसरा हजर केला जातो. वीजबिल, पाणीपट्टीच्या पावत्या, विहिरीसाठी घेतलेलं कर्ज, बाजूच्या शेतकऱ्यांची साक्ष, सगळं जोडावं. मात्र हे सगळं बटईदाराकडेही असू शकतं हे लक्षात घ्यावं.

मुदत कशानं थांबते? वकिलाच्या नोटिशीनं थांबत नाही. पोलीस ठाण्यातल्या अर्जानं, तंटामुक्ती समितीतल्या बैठकीनंही नाही. मालकानं एक तर कब्जा प्रत्यक्ष परत घ्यावा किंवा बारा वर्षांच्या आत दावा दाखल करावा. निष्कासनाचा नुसता हुकूम मिळवून तो कपाटात ठेवला तरी कब्जेदाराचा कब्जा खंडित होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये म्हटलं आहे. बजावणी झाली तरच उपयोग. दुसऱ्या बाजूनं, बारा वर्षं पुरी होण्याआधी कब्जेदारानं "जमीन तुमचीच आहे" असं लिहून दिलं किंवा खंड भरला, तर त्याचा विरुद्ध कब्जा तिथेच संपला.

मालक अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर हिशेब बदलतो. कब्जा सुरू झाला तेव्हा मालक चार वर्षांचा मुलगा होता असं धरा. बारा वर्षं तो सोळाचा होताना संपतात, पण मुदतीच्या कायद्याच्या कलम ६ आणि ८ प्रमाणे सज्ञान झाल्यावर त्याला तीन वर्षं मिळतात, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत दावा लावता येतो. मात्र कब्जा बापाच्या हयातीत सुरू झाला आणि नंतर बाप वारला, तर कलम ९ आडवं येतं: एकदा चालू झालेली मुदत नंतरच्या अज्ञानपणानं थांबत नाही. ही बाब वारसांच्या वकिलांकडूनही निसटते.

बांधाच्या वादात मात्र प्रतिकूल कब्जा क्वचितच टिकतो. नांगरटीत दरवर्षी बांध चार बोटं सरकतो. मग कब्जा कोणत्या साली किती गुंठ्यांचा झाला? शिवाय दोघांनाही तो बांध हद्दीवरच आहे असं वाटत होतं, तर दुसऱ्याची जमीन म्हणून धरून बसण्याचा इरादाच नव्हता. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, तिच्या नकाशाची 'क' प्रत आणि गरज पडली तर दाव्यात कोर्ट कमिशनर, हाच रस्ता. आणि तुमचं शेत माझ्याकडे, माझं तुमच्याकडे असा गोंधळ असेल तर सलोखा योजनेचा विचार करावा. जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयानं ती आली. असा परस्परांचा ताबा किमान १२ वर्षांचा असेल तर पंचनामा होऊन अदलाबदल दस्त १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फी यांवर नोंदता येतो. योजनेला मुदत असते, म्हणून अर्जाआधी तहसीलात खात्री करावी. कोर्टातल्या पंधरा वर्षांपेक्षा हे कितीतरी बरं.

सरकारी जमिनीवर '३० वर्षं झाली' हा भरवसा धरून घर बांधणाऱ्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं की तो भरवसा फार कच्चा आहे. जगपाल सिंग प्रकरणात जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायचे आदेश सगळ्या राज्यांना दिले, आणि त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्रानं गायरानाबाबतचा शासन निर्णय काढला. कलेक्टरला महसूल अधिनियमाच्या कलम ५० खाली अतिक्रमण काढता येतं. नियमानुकूल करणं हा सरकारचा अधिकार आहे, कब्जेदाराचा हक्क नाही. वनजमिनीचा प्रश्न अगदी वेगळा आहे. तिथे २००६ चा वनहक्क कायदा लागतो, १३ डिसेंबर २००५ ही तारीख लागते, ४ हेक्टरची कमाल मर्यादा लागते, आणि दावा ग्रामसभेतून जातो. आदिवासींच्या जमिनीवर बिगर-आदिवासीला प्रतिकूल कब्जानं मालकी मिळत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या प्रकरणात ठरवलं. आपल्याकडे महसूल अधिनियमाचं कलम ३६ आणि १९७४ चा जमीन प्रत्यार्पणाचा कायदा त्याच जमिनींच्या संरक्षणासाठी आहेत. आणि सरकारनंच शेतकऱ्याच्या जमिनीतून भूसंपादन न करता रस्ता काढला असेल, तर? सरकारला आपल्याच नागरिकाविरुद्ध प्रतिकूल कब्जाचा बचाव घेता येत नाही. हिमाचल प्रदेशातल्या एका निरक्षर विधवेच्या प्रकरणात २०२० मध्ये, म्हणजे जमीन जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाल्यावर, न्यायालयानं मोबदला द्यायला लावला. आपल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांना हा निकाल माहीत असायला हवा.

२०१३ च्या एका निकालानं प्रतिकूल कब्जा ही फक्त बचावाची ढाल ठरवली होती. त्यावर स्वतः दावा लावता येत नव्हता. ७ ऑगस्ट २०१९ ला रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते बदललं. आता बारा वर्षं पुरी केलेला कब्जेदार वादी होऊन मालकीची घोषणा मागू शकतो आणि त्याला नंतर हुसकावलं तर कब्जा परत मागू शकतो. त्याच निकालात सार्वजनिक वापराच्या जागांवर असा हक्क मिळू नये असंही म्हटलं आहे. हा कायदाच प्रामाणिक मालकावर अन्याय करतो, असं २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं होतं आणि सरकारला फेरविचार करायला सांगितलं होतं. विधी आयोगानं २०२३ च्या २८० व्या अहवालात मुदतीत बदलाची गरज नाही, असा निष्कर्ष दिला. माझं मत विचाराल तर साध्या कागदावर पैसे मोजून तीस वर्षं कसणाऱ्याला या कायद्याचा आधार हवाच; विश्वासानं सोपवलेलं शेत गिळणाऱ्याला नको, आणि पुरावा नीट मांडला तर कोर्ट हा फरक करतं.

परगावच्या मालकांसाठी शेवटचं. नोंदणीकृत करार केला तर कूळ लागेल या भीतीनं लोक काहीच लिहीत नाहीत, आणि मग परवानगी होती हे सिद्ध करायला कागद उरत नाही. गड्याला मजुरी बँकेतून द्या, बियाणं-खतांची बिलं आपल्या नावावर घ्या, उत्पन्नातला वाटा खात्यात घ्या. वर्षातून एकदा सातबारा काढा आणि फेरफाराच्या नोटिसा महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर बघा. कोणी जबरदस्तीनं घुसलं तर सहा महिन्यांच्या आत हालचाल करा: मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे, किंवा विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खाली दिवाणी न्यायालयात. तिथे मालकीचा कीस निघत नाही, कब्जा कोणाचा होता आणि कसा गेला एवढंच बघतात. सहा महिने उलटले तर मालकी हक्कावरचा पूर्ण दावा लावावा लागतो, आणि हुकूमनामा मिळाला की लगेच दरखास्त, म्हणजे बजावणीचा अर्ज, दाखल करून बेलिफामार्फत कब्जापावती घ्यावी लागते.